नुराकीच्या कोठीतले तीन नंबरचे पीप

मी, प्रियामो एन्ना, वडिलांचे नाव बाकीझियो, वय वर्षे ऐंशी, धंदा पिपे बांधणे व दुरुस्त करणे आणि त्यातून वेळ उरेल तेव्हा वेर्नाच्चा द्राक्षांचा मळा सांभाळणे, राहणार नुराकी, जिल्हा ओरिस्तानो, आज रविवार दिनांक ६ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी, चर्चला न जाता, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझे मृत्युपत्र लिहीत आहे. बुधवारी मला इस्पितळात भरती व्हायचे आहे आणि गुरुवारी पोट फाडायचे आहे. डॉक्टर म्हणतात, जगाल. पण ते सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते.

माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य मृत्युपत्रात सगळेच लिहितात. मला मात्र त्याचा पुरावा जोडावा लागतो आहे. डॉक्टरांचा शुक्रवारचा दाखला सोबत आहे. कारण असे की, मागच्या आठवड्यात तपासणीसाठी मला गुंगीचे औषध दिले होते आणि शुद्धीवर येताना मी बरेच काही बोललो. ते माझा एकुलता एक मुलगा जेझुइनो याने खाटेशी बसून ऐकले. घरी जेवायला बसल्यावर म्हणाला,

"बाबा, दवाखान्यात जे बरळलात ना, ते कागदावर येता कामा नये."

"बरळलो नाही. खरं तेच बोललो."

"खरं असो की खोटं. अडतीस वर्षं झाली, काका गेले, आई गेली. आता गावभर आपली अब्रू उधळून कोणाचं भलं होणार आहे? आणि लिहिलंतच, तर मी सरळ कोर्टात जाईन. सांगेन, म्हाताऱ्याला भ्रम झालाय."

त्याने माशाच्या अंड्यांच्या दोन चकत्या पावावर ठेवून माझ्या ताटात वाढल्या आणि वर तेलही घातले. मुलगा वाईट नाही. पण तो बोलतो ते करतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून दाखला जोडला आहे.

कलम एक. माझे दफन बायकोशेजारी करावे. मातीला आलेल्यांना माझ्या कोठीतली एक नंबरच्या पिपातली वेर्नाच्चा वाइन द्यावी आणि ती थंड करून देऊ नये. जो कोणी बर्फ मागेल त्याला पाणी द्यावे.

कलम दोन. राहते घर, अंगण, अंगणातले लिंबाचे झाड व घरातले सर्व सामान जेझुइनोला. कायद्याने माझ्या मालमत्तेतले अर्धे त्याचेच आहे, मी लिहिले काय आणि न लिहिले काय. घर त्याला मी कायद्यासाठी देत नाही, तो माझा मुलगा आहे म्हणून देतो. त्याला ते मिलानच्या एका गृहस्थांना विकायचे आहे, उन्हाळ्यात पाहुण्यांना भाड्याने देण्याच्या खोल्या काढण्यासाठी. खुशाल विकावे. ते गृहस्थ ऑगस्टमध्ये मोजपट्टी घेऊन आले होते. कोठीत शिरले आणि तीन नंबरच्या पिपावर दार वाजवावे तसे बोटांनी टकटक करू लागले. मी त्यांचा हात धरला. जेझुइनो म्हणाला, "बाबा, पाहुणे आहेत." मी म्हणालो, "म्हणूनच नुसता धरलाय." हा माझा त्यांच्यावरचा राग आहे आणि तो मी बरोबर घेऊन जात आहे.

कलम तीन. माझी हत्यारे: दोन वाकस, तीन रंधे, लोखंडी पट्ट्या ठोकण्याचा हातोडा, फळ्या वाकवण्याची शेगडी. नुराकीत आता पिपे दुरुस्त करणारा कोणी उरला नाही. ओरिस्तानोच्या सुतारकामाच्या शाळेत एक बाई पिपे बांधायला शिकवतात असे ऐकले आहे. हत्यारे त्यांना द्यावीत. धाकट्या रंध्याची मूठ सैल आहे, तेवढे त्यांना सांगावे.

कलम चार. नदीकाठचा मळा जेझुइनोला. त्याने तो कसायला दिला तरी चालेल, फक्त वेली उपटून आर्टिचोकची भाजी लावू नये. यंदाची तोडणी सप्टेंबरच्या शेवटी झाली. घड पिवळेधमक होईपर्यंत थांबलो होतो. रस चांगला उतरला आहे आणि सध्या पिपात फसफसतो आहे.

ही चार कलमे लिहायला मला तासभर लागला. पाचवे मी अडतीस वर्षे लिहीत आहे.

कलम पाच. अंगणाच्या उत्तर टोकाला असलेली मातीच्या विटांची कोठी, तिचे दार, किल्ली, येण्याजाण्याचा रस्ता आणि आतले तीन नंबरचे पीप, आतल्या वाइनसह आणि वाइनवरच्या सायीसह, हे सर्व मी माझ्या धाकट्या भावाची विधवा एलिदे झानेल्ला हिला देत आहे. ती भिंतीपलीकडच्या घरात राहते. हे मी तिला दान म्हणून देत नाही. ते तिच्याच घरातून आलेले आहे. कसे आले ते लिहितो.

आमच्या वडिलांकडे चेस्टनट लाकडाचे एक पीप होते, आजोबांच्या वेळचे. इतर जागी वाइनचे पीप काठापर्यंत भरून बूच ठोकतात, हवा आत जाऊ देत नाहीत. आमच्या या पाच-सहा गावांत वेर्नाच्चाचे पीप मुद्दाम अपुरे ठेवतात. पाचवा हिस्सा मोकळा. बूच सैल, वर फडके. उत्तरेच्या वाऱ्याला खिडकी उघडी. मग वसंतात वाइनवर दुधावर धरते तशी पातळ पांढरी साय धरते. ती साय वाइनला झाकते, तिला आंबू देत नाही आणि वर्षानुवर्षे तिच्यात कडू बदामाचा वास उतरवत राहते. कुठल्या पिपावर साय धरेल आणि कुठल्यावर नाही, हे कोणाला सांगता येत नाही. वडिलांच्या त्या जुन्या पिपावर ती दर वर्षी धरायची. गावातले लोक नुसता वास घ्यायला यायचे.

त्या पिपाच्या सात फळ्या मी बदलल्या होत्या. पट्ट्या मी चढवल्या होत्या. १९८५ साली वडील गेले तेव्हा ते पीप मला मिळेल, यात मला तिळमात्र शंका नव्हती. वडिलांनी ते माझ्या धाकट्या भावाला, सिझिन्नियोला दिले. खाटेवरून म्हणाले, "प्रियामोच्या हातात कसब आहे, तो नवं बांधील. सिझिन्नियोला सगळं तयार लागतं." आज ऐंशीव्या वर्षी मला कळते की त्यांनी माझे कौतुक केले होते. तेव्हा मला ते थोबाडीत मारल्यासारखे वाटले.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९८६ च्या फेब्रुवारीत, सार्तिल्याच्या रविवारी सगळे गाव मुखवट्यांचे घोडेस्वार बघायला ओरिस्तानोला गेले होते. सिझिन्नियो गेला होता, एलिदे गेली होती, माझी बायको बोनारियाही गेली होती. मी पाठ दुखते म्हणून घरी राहिलो. सिझिन्नियोच्या कोठीची किल्ली माझ्याकडे होती, कारण जुन्या पिपाची एक पट्टी मी घट्ट करणार होतो. गावातल्या सगळ्या कोठ्यांच्या किल्ल्या कधी ना कधी माझ्याकडे असत. पिपे दुरुस्त करणाऱ्यावर कोणी संशय घेत नाही.

भर दुपारी मी माझ्याच वाइनचे दोन मोठे काचेचे बुधले भरून नेले. आधी पळीने थोडी साय उचलून एका भांड्यात काढली. मग नरसाळे लावले आणि ते पीप काठोकाठ भरले. तिसऱ्यांदा बुधला आणायला घरी गेलो तेव्हा तिथेच थांबता आले असते. मी थांबलो नाही. भरून झाल्यावर सायीचे तुकडे होऊन बुडताना मी पाहिले. मला बरे वाटले. ते लपवत नाही.

भांड्यातली साय मी माझ्या तीन नंबरच्या पिपात सोडली. ती धरली.

मे महिना आला तरी साय दिसेना, तेव्हा सिझिन्नियोने मला बोलावले. मी दिवा धरून बुचाच्या भोकातून बघितले आणि म्हणालो, "हे कोणीतरी वरून भरलंय." मी खोटे बोललो नाही. फक्त तेवढ्यावर थांबलो. आम्हा दोघांशिवाय तिथे बोनारिया होती, आणि दारात एलिदे उभी होती, हाताला कणीक लागलेली.

एलिदे अर्बोरेआची. खाडीपलीकडचे गाव, इथून गाडीने अर्ध्या तासावर. पण तिचे आईवडील समुद्रापलीकडच्या व्हेनेतोहून, दलदल उपसून काढलेल्या जमिनीवर वसायला आलेले, म्हणून नुराकीसाठी ती परकीच. लग्नानंतरच्या पहिल्याच तोडणीला ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "आमच्याकडे पीप असं अर्धवट ठेवलं तर बाबा ओरडतात." त्यावर सगळे खूप हसले होते.

सिझिन्नियोने तिच्याकडे बघितले.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली.

"तुमच्याकडे पिपं भरून ठेवतात. तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. म्हणून मी भरलं?"

"मग कोणी भरलं? पिपानं स्वतःच?"

"माझ्या आईची शपथ, सिझिन्नियो, मी या पिपाला हात लावलेला नाही." मग ती माझ्याकडे वळली. "प्रियामो, तुला यातलं कळतं. तू तरी सांग यांना, मी नाही केलं ते."

मी दिव्याची काच पुसत राहिलो.

सिझिन्नियोने घाबरून पीप उपसले, पण साय पुन्हा धरली नाही. उन्हाळा आला. ऑगस्टपर्यंत तीन पिढ्यांच्या वाइनचा सिरका झाला. त्यानंतर तो बावीस वर्षे जगला. त्या बावीस वर्षांत त्याने एलिदेला कोठीत पाऊल टाकू दिले नाही आणि तिच्याशी मिठापिठाच्या पलीकडे बोलला नाही. मूलबाळ नव्हतेच. आणि गावाने काय केले? गावाने थट्टा केली. बारशाला, लग्नाला, मयताला, एलिदे कोणाच्या पेल्यात काही ओतायला लागली की कोणीतरी म्हणायचेच, "काठोकाठ भरू नकोस गं, एलिदे!" आणि सगळे हसायचे. मीही हसलो आहे. पुढे पुढे तिने ओतणेच सोडून दिले.

माझ्या तीन नंबरच्या वेर्नाच्चाची दरम्यान वाहवा होत राहिली. लोक म्हणायचे, "प्रियामो, अगदी तुझ्या वडिलांच्या पिपाची आठवण येते." का येणार नाही?

बोनारियाला माहीत होते. त्या रविवारी परत आल्यावर माझ्या बाहीला वाइनचा वास आला होता, एवढेच ती एकदा म्हणाली. शेवटच्या आजारात म्हणाली, "सांगून टाक रे तिला. मी सांगितलं असतं, पण तुझी बायको म्हणून गप्प बसले, आणि ते माझ्या जिवाला लागून राहिलंय." मी सांगतो म्हणालो. त्याला सहा वर्षे झाली.

तर हे मी येथे साफ लिहून देतो: ते पीप प्रियामो एन्नाने भरले. एलिदेने भरले नाही.

कलम सहा, सोमवारी लिहिले. तीन नंबरचे पीप जागेवरून हलवू नये, म्हणूनच कोठीही एलिदेला दिली आहे. साय हादरे सोसत नाही. वाइन खालच्या तोटीने काढावी. नवी घालायची तर वर्षातून एकदा, बारीक नळी सायीच्या खाली नेऊन, थेंबाथेंबाने. वरून ओतू नये. उत्तरेची खिडकी फक्त ऑगस्टच्या गरम वाऱ्यात लावावी. कोठीत कांदे ठेवू नयेत. साय वसंतात जाड होते, हिवाळ्यात विरळ होते. विरळ झाली म्हणून घाबरून काही करू नये.

मंगळवार, ८ ऑक्टोबर. मृत्युपत्र इथे संपायला हवे होते. नोटरीबाई इनेस पुत्झोलू अजून समोर बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊन आज सकाळी जे झाले ते पुढे जोडतो, कारण त्याने कलम पाच बदलले आहे.

नोटरीबाईंनी सांगितले होते की मी लिहिलेले त्या रीतसर उतरवून घेतील आणि दोन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचतील. म्हणजे कोणी उद्या भ्रमाची भाषा करणार नाही. दहाला फोर्तुनातो माद्दाऊ आला. तो तीस वर्षे आमचा पोस्टमन होता. दुसऱ्या साक्षीदार औषधांच्या दुकानातल्या बाई. त्यांचा निरोप आला की बापलेकाच्या भानगडीत त्यांना पडायचे नाही. मी जेझुइनोकडे बघितले. तो दाराला टेकून उभा होता. म्हणाला, "मी फक्त फोन केला."

"साक्षीदार दोन हवेतच," नोटरीबाई म्हणाल्या. "नाहीतर पुढच्या आठवड्यात येते."

"पुढच्या आठवड्यात मी कुठे असेन ते डॉक्टरांना पण माहीत नाही," मी म्हणालो.

फोर्तुनातो उठला. "थांबा, शेजारून कोणाला तरी आणतो." मी त्याला अडवायच्या आत तो बाहेर पडला होता. आमच्या शेजारी एकच घर आहे.

एलिदे आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ. माझ्या घरात ती बोनारियाच्या मयतानंतर पहिल्यांदाच आली. "कशावर सही करायची आहे?" एवढेच तिने विचारले आणि खुर्चीत बसली. मला तेव्हाच बोलता आले असते. मी गप्प बसलो. ती सवय अडतीस वर्षांची आहे.

नोटरीबाई वाचू लागल्या. बर्फाच्या वाक्याला फोर्तुनातो हसला. पाचवे कलम सुरू झाले आणि एलिदेचे नाव आले, तशा नोटरीबाई थांबल्या.

"एलिदे झानेल्ला म्हणजे तुम्ही?"

"मीच."

"मग तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही, बाई. म्हणजे होता येईल, पण साक्षीदाराला या कागदातून काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत तर तुम्हाला दिलेलं रद्द, आणि ते मुलाकडे जाईल."

"आधी पुढचं वाचा," एलिदे म्हणाली.

नोटरीबाईंनी वाचले. सार्तिल्याचा रविवार, बुधले, नरसाळे, सगळे. एलिदे हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "ते शेवटचं वाक्य परत वाचा." नोटरीबाईंनी परत वाचले. फोर्तुनातो टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत होता.

मी म्हणालो, "एलिदे, मला माफ कर."

"ते नंतर बघू." तिने फोर्तुनातोकडे मान वळवली. "ऐकलंस?"

"ऐकलं, एलिदे."

"नीट ऐकलंस?"

"शब्द न् शब्द."

तेवढ्यात जेझुइनो पुढे आला. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज गोड झाला होता. "काकू, आता दुसरा साक्षीदार कुठे शोधायचा? बाबांना उद्या सकाळी निघायचंय. तुम्हीच करा ना सही. हे घ्या पेन."

"सही करू नकोस," मी ओरडलो. "फोर्तुनातो, रस्त्यावर जा, कोणालाही धरून आण! एलिदे, ते पीप तुझं आहे. तीच साय आहे. याच्या हातात गेलं तर महिन्याभरात मिलानवाला ते उचलून अंगणात ठेवील आणि त्यात फुलझाडं लावील."

"मला कळतंय ते."

"मग?"

"पीप घेतलं तर गाव काय म्हणेल, सांग. म्हणतील, म्हातारीनं मरणाऱ्या दिराला घोळात घेतलं आणि हवं ते लिहून घेतलं. आणि हा," तिने जेझुइनोकडे बोट केले, "हा कोर्टात जाऊन तेच म्हणेल. काही न घेता सही केली, तर कोणी काय म्हणायचं? याला कोठी मिळतेय, हा कशाला कोर्टात जातोय?"

जेझुइनोने पेन मागे घेतले नाही, पण त्याची मान खाली गेली.

"त्या दिवशी मी तिघांसमोर आईची शपथ घेतली," एलिदे म्हणाली. "कोणी कानावर घेतली नाही. आज मला ही बाई साक्षीदार म्हणतेय. मी ते सोडून पीप घेऊ, प्रियामो? तू हुशार माणूस, तूच सांग."

यावेळी मी बोललो. "सही कर," म्हणालो.

म्हणून कलम पाचमधली देणगी कायद्याने रद्द होत आहे. त्यातला कबुलीजबाब मात्र जसाच्या तसा राहील. कोठी आणि तीन नंबरचे पीप जेझुइनोकडे जातील. कलम सहा त्याने वाचावे अशी माझी विनंती आहे, पण तो ते पाळणार नाही हे मला दिसते आहे. ती साय मरेल. मला त्याचे फार वाईट वाटते, आणि त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि याखाली मी कोणाच्याही धाकाशिवाय सही करत आहे.

नुराकी, मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४, दुपारचे साडेबारा.

प्रियामो एन्ना

माझ्यासमोर: इनेस पुत्झोलू, नोटरी, ओरिस्तानो

साक्षीदार पहिला: फोर्तुनातो माद्दाऊ, निवृत्त पोस्टमन, नुराकी. सगळे ऐकले. कोणी विचारले तर सांगेन, न विचारले तरी सांगेन.

साक्षीदार दुसरी: एलिदे झानेल्ला, सिझिन्नियो एन्ना यांची विधवा, नुराकी. मला या कागदातून काही मिळत नाही. ते पीप मी भरले नव्हते.